हातभर रेघ

मी एक आसमानी ड्रेस बोलतोय. आसमानी आता नावालाच. बाहीच्या टोकाला आणि खांद्यावर मी पांढुरका पडलोय, आणि माझ्या जोडीची ओढणी तर कधीच भांडी पुसायच्या कामी लागली. पण मी सुरतेचं पॉलिस्टर आहे. आम्ही सहसा फाटत नाही, नुसते जुने होतो. घाम मात्र आम्हाला पचत नाही, हे कबूल करतो. मे महिन्यात आम्हाला अंगावर घालणाऱ्याने आम्हाला शिव्या दिल्या तर त्या आम्ही खाली मान घालून ऐकून घेतो.

माझ्या पुढच्या बाजूला, गळ्यापासून खाली, हातभर लांबीची एक बारीक रेघ आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ड्रेस उसवलाय. मग जवळ येऊन बघतात आणि म्हणतात, अरेरे, कापडच खराब निघालं वाटतं! हे 'अरेरे' मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचं हसू येतं. त्या रेघेची हकिगत सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकायची नाही.

माझा जन्म सुरतेत, लिंबायतच्या एका खात्यात झाला. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. वर पत्रे, खाली लूमच्या रांगा, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. सगळे लूम एकदम चालू झाले की असा काही खडखडाट उठतो की कानात तोंड घालून ओरडलं तरी समोरच्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथले कारीगर हातांनी बोलतात. दोन तर्जन्या टोकाला टोक लावून ताडकन दूर केल्या, की दोरा तुटला. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, की जोडला. पंजा लूममधल्या धावत्या धोट्यासारखा इकडून तिकडे फिरवला, की चालू आहे, काळजी नको. आणि दोन्ही हातांनी काहीतरी जड उचलून खांद्यावर टाकल्यासारखं केलं, की ताका उतरला. म्हणजे कापड पुरं विणून झालं, काम फत्ते. मी जन्मलो तेव्हा पहिली भाषा ऐकली नाही, पाहिली.

मला विणणारा कारीगर सुकदेव. अमळनेरकडचा. ऐन तारुण्यात इकडे आला आणि तेव्हापासून लूमच्याच रांगेत उभा राहिला. माझ्या जन्माआधी दोन वर्षं प्लेगच्या भीतीने निम्मी सुरत पळाली, तेव्हा तोही बायको-पोरीला घेऊन गावी गेला होता. पण खाती उघडल्याचं कळताच पहिल्या गाडीने परत आला. 'पोरीची शाळा बुडते' हे त्याचं कारण. त्याचे कान खडखडाटाने निम्मे खाल्ले होते. त्यामुळे घरी तो बोलायचा ते ओरडूनच. भाजीत मीठ कमी आहे असं त्याने नुसतं म्हटलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण जुंपलं. खात्यात मात्र त्याच्यासारखं शांत माणूस नव्हतं. त्याचे हात इतकं सुरेख बोलायचे की मला त्यांचा हेवा वाटायचा.

१९९६ सालचा मे महिना संपत आला होता. मी बीमवर गुंडाळलेल्या उभ्या दोऱ्यांतून, म्हणजे ताण्यातून, हळूहळू कापड होत होतो. एवढ्यात खात्याच्या दाराशी कलाबाई येऊन उभी राहिली. ही सुकदेवची बायको. पायात एक चप्पल तिची, एक मुलीची. धावत आली होती, हे कुणीही ओळखलं असतं. तिने हाक मारली, ती कुणाला ऐकू जाणार? तिने पदर हलवला. सुकदेवने वर पाहिलं. मग कलाबाईने आपल्या खांद्यावरून एक वेणी पुढे घेतल्यासारखं केलं आणि दोन्ही हातांनी जड काहीतरी उचलून खांद्यावर टाकलं.

वेणी. ताका उतरला.

सुकदेव गोंधळला. ताका? कुठला ताका? त्याने आपल्या सगळ्या लूमवर नजर फिरवली. एकाही लूमवरचा ताका उतरायला आला नव्हता. त्याने हातानेच विचारलं, कुठला? कलाबाईने डोक्याला हात लावला आणि पुन्हा वेणी दाखवली, पुन्हा ताका उचलला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वेणीवाली म्हणजे हर्षदा. त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा बारावीचा निकाल! पास झाल्याची खूण लूमच्या भाषेत नाही, म्हणून त्या बाईने जवळची खूण उचलून आणली होती.

सुकदेव दाराकडे धावला. तिथे उभा राहून त्याने वळून शेजारच्या कारीगराला खूण केली: वेणी, ताका उतरला. त्याने पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बनियनमधले घामेजलेले बाप्ये हवेतला ताका उचलून खांद्यावर टाकत होते आणि हसत होते. मी पुष्कळ वराती पाहिल्या आहेत. इतकी सुंदर वरात पाहिली नाही.

आणि नेमका त्याच वेळी माझ्या ताण्यातला एक दोरा तुटला. लूमला काय त्याचं? ते आपलं चालतच राहिलं. जितका वेळ सुकदेव दाराशी उभा होता, तितकी लांब रेघ माझ्या अंगावर उमटली. हातभर आनंद झाला होता त्या माणसाला, असं मी म्हणतो.

पुढे मेताजींच्या, म्हणजे खात्याच्या कारकुनांच्या, टेबलावर माझी तपासणी झाली. रेघेपाशी त्यांचं बोट थबकलं. "सुकदेवभाई, आ शुं? डॅमेज छे!" मला तेवढंच कापून बाजूला टाकलं. असा माल ज्याच्या हातून खराब झाला त्यानेच घरी न्यायचा, असा तिथला रिवाज. एरवी कारीगर तोंड वाकडं करून नेतात. सुकदेवने माझी रेघ चाचपली, हसला आणि मला काखोटीला मारलं. मेताजींना वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं.

सुकदेवचं घर गोडादऱ्याला. भाड्याची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत कलाबाई साड्यांचे दोरे कापत बसायची. मी तिथे पोचलो तेव्हा घरात कॉलेजची तयारी जोरात सुरू होती.

ही हर्षदा मोठी गमतीची मुलगी. बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. बोलायला तिन्ही येत. पण कॉलेज गुजरातीत, आणि गुजराती लिहायचं म्हटलं की हिच्या अंगावर काटा. भर दुपारी पंख्याखाली बसून ती पानंच्या पानं गिरवायची आणि सवयीने प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर रेघ मारून ठेवायची. गुजरातीला डोक्यावर रेघ नसते. मग चिडून खोडरबर घ्यायची. मी खुंटीवरून बघायचो आणि मनात म्हणायचो, बाई, रेघेचं एवढं काय मनावर घेतेस, माझ्याकडे बघ.

लिहून झालं की आरशासमोर उभी राहायची. "तमे क्यां रहो छो? हुं गोडादरा रहुं छुं." मग स्वतःलाच नाक मुरडून, "हुं लिंबायत साईडे रहुं छुं." मग तेही पसंत न पडून, "हुं सुरतमां ज रहुं छुं." निम्म्या बहिऱ्या बापाशी बोलून तिला ओठ ठसठशीत हलवायची सवय लागली होती. शब्द ऐकू न जाता नुसत्या ओठांवरून कळावा, असं तिचं बोलणं. एवढी चिकाटी मी फक्त लूममध्ये पाहिली होती.

पण या सगळ्यामागे एक भीती होती. शेजारचा योगेंद्र दोन वर्षांपूर्वी कॉलेजात गेला होता आणि महिन्याभरात परत आला होता. आता तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात होता. पडवीच्या पायरीवर बसून तो तिला सांगायचा, "पैल्या दिवशी सरनी नाव विचारलं. मी तोंड उघडलं आन सगळा वर्ग हसला. नंतर कोणी बाजूला बसंना. तू जाशील ना, तर तोंडच उघडू नको."

त्यावर हर्षदा नुसती मान हलवायची. तिने ठरवूनच टाकलं होतं, कॉलेजात बोलायचंच नाही. आणि एकदा मला खुंटीवरून खाली काढून घडी घालताना ती कलाबाईला म्हणाली होती, "माय, माले तिठे नही जमनं तर मी परत यी जासू. मंग माले बोलजो नका."

 कलाबाईच्या हातातली कातरी दोऱ्याऐवजी साडीला लागली.

एवढा ओझ्याचा उन्हाळा मी पाहिला नाही. बाप खात्यात सगळ्यांना सांगत सुटलाय की मुलगी कॉलेजात जाणार, आणि मुलगी मनात परतीची वाट आखून बसलीय.

आता माझी पाळी आली. सुकदेव सायकलवरून खात्यात जायचा त्या रस्त्यावर त्याला रोज सकाळी मुलींची एक रांग भेटायची. सगळ्यांचे आसमानी ड्रेस, पांढऱ्या ओढण्या, हातात वह्या. कुणाला तरी विचारलं, तर 'कॉलेजवाळी छे' एवढं उत्तर मिळालं. झालं! एका संध्याकाळी त्याने मला कलाबाईपुढे टाकलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "कालेजना डरेस आसमानी ऱ्हास! मी मना डोयानी देखं! हाई कापड मी विनेल से, हाईच घालीसन मनी पोर जाई!"

हर्षदाला शंका यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. तिला कुठून येणार? शाळेत जन्मभर गणवेश. तिच्या घरातून, तिच्या गावातून कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. योगेंद्र त्या संध्याकाळी पाळीला होता आणि कपड्यांचं त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. कॉलेजलाही गणवेश असणार, त्यात नवल ते काय?

कडोद्राच्या डाईंग मिलमध्ये गल्लीतलाच लोटू कामाला होता. सुकदेवने मला त्याच्या हवाली केलं. लोटूने आसमानी लॉट लागेपर्यंत थांबून मला त्याच्या शेपटाला जोडलं आणि उकळत्या रंगात सोडलं. त्या आंघोळीचं वर्णन मी करणार नाही. बाहेर आलो तेव्हा मात्र मीच मला ओळखलं नाही. कोरा, मातकट मी आता दुपारच्या आभाळासारखा झालो होतो. फक्त ती रेघ होती तशीच. तिने रंगही वेगळाच घेतला होता, जरा फिका. लोटू म्हणाला, "भो, रेघ नही गयी." सुकदेव म्हणाला, "जावाले नही पाहिजे." लोटूला काही कळलं नाही.

मग फॉर्म भरायला हर्षदा पहिल्यांदा कॉलेजात जाऊन आली. मी घरीच होतो, पण तिचं तोंड पाहून मला कळलं की काहीतरी बिघडलंय. ती कलाबाईच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "माय, तिठे डरेस नही. ज्याले जे पाहिजे ते घालतंस. लाल, पिवळं, जीन. आप्पानी देख्यात त्या पोरी पीटीसीन्या सेत. शिक्षिका व्हवाना कालेजन्या. ते कालेज समोरच से."

कलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी नवाकोरा, कडक, घडीत पडलेला. त्या क्षणी मला खुंटीत शिरावंसं वाटलं.

"मंग सांगी दे तुना आप्पाले," ती म्हणाली.

सांगायला गेली. सुकदेव जेवत होता. समोर बसली. पण त्याला ऐकू जाईल असं सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे बापाची चूक सगळ्या गल्लीला सांगायची. तिने हात उचलला. खुणांत सांगावं म्हणून. दोरा तुटल्याची खूण आहे, चहाची आहे, शेठ आल्याची आहे. 'तुमची चूक झाली' याची खूणच नाही. लूमवाल्यांनी ती कधी बनवलीच नाही. तिचा हात तसाच खाली आला. सुकदेव घास तोंडात घालून गरजला, "काय से? कधी शिवशी डरेस?" हर्षदाने मान हलवली आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली.

त्या हाताला मी मनातल्या मनात नमस्कार केला. पण खरं सांगायचं तर त्या वेळी तिचं माझ्यावर प्रेम नव्हतं. ते सगळं बापाच्या वाट्याचं होतं. माझ्या वाट्याला आला तो राग.

दोन घरं सोडून अनुसयाबाई राहायच्या. परभणीकडच्या. त्यांच्याकडे शिलाई मशीन होतं आणि त्या गल्लीभरच्या मुलींना फुकट शिवण शिकवायच्या. हर्षदा मला घेऊन त्यांच्याकडे गेली. अनुसयाबाईंनी मला पसरलं आणि रेघेवर बोट ठेवलं. "अगं बया, हे काय आणलंस? डाग हाय की ह्येच्यात. थांब, पाठीकडं घालू. ओढणीखाली झाकून जाईल." खडूच्या खुणा झाल्या. कापायचं तेवढं राहिलं, कारण मशीनवर दुसरं काम लागलं होतं.

हर्षदा तणतणत घरी आली. "एकतर युनिफॉर्म, त्यात डॅमेज! आप्पाले चांगलं कापड नही भेटनं का?"

कलाबाईने कातरी खाली ठेवली. ती फार बोलणारी बाई नव्हती. ती उठली आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, जशी त्या दिवशी खात्याच्या दारात उभी होती. पदर हलवला. वेणी पुढे घेतली. ताका उचलून खांद्यावर टाकला. मग दोन पावलं आत येऊन ती सुकदेव झाली. इकडे तिकडे बघत, कुठला ताका म्हणून गोंधळलेला सुकदेव. हर्षदाला हसू आलं. मग कलाबाईने ती कारीगरांची रांग दाखवली, एकामागून एक ताका उचलणारे. आणि शेवटी दोन तर्जन्या टोकाला टोक लावल्या आणि ताडकन दूर केल्या.

"तू पास व्हयनी म्हनीसन तुना आप्पा दारशी उभा ऱ्हायना," ती म्हणाली. "तेवढामा दोरा टुटना. मेताजी डॅमेज म्हने. तुना आप्पा म्हने, हाई मी कोनले देवाव नही."

हर्षदा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसली. आजवर माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं होतं ते दोष शोधायला. कुणी वाचायला बघितलं नव्हतं. तिने रेघेवरून बोट फिरवलं, वरून खाली, आणि मग नाक ओढत उठली आणि मला घेऊन पळतच अनुसयाबाईंकडे गेली.

"काकू, खुणा पुसा. ही रेघ पुढे पाहिजे. मधोमध."

"पोरी, लोकं डाग झाकून ठिवतात, तू मिरवायलीस?"

"हो," हर्षदा म्हणाली. "आणि शिवणार मी."

तिने खरंच मला स्वतः शिवलं. बाही दोनदा उलटी लागली, गळा जरा तिरका झाला. तो तिरकेपणा अजून आहे. पण रेघ मात्र नाकाच्या शेंड्यापासून ओळंबा सोडावा इतकी सरळ बसली. त्या दिवसापासून ती पाठांतर करताना मला मांडीवर घेऊन बसायची.

कॉलेज उघडलं. सुकदेवची त्या आठवड्यात रातपाळी होती. सकाळी घरी येऊन झोपायचं असतं. हर्षदाने त्याला खुणेने निक्षून सांगितलं होतं, येऊ नका. ती एकटीच रिक्षाने गेली. मी तिच्या अंगावर. पहिल्यांदाच जगात निघालो होतो, आणि मला माझा अभिमान वाटत होता, आणि तो जेमतेम कॉलेजच्या फाटकापर्यंत टिकला.

फाटकाशी रंगांची नुसती जत्रा. आणि त्यात मी. रखवालदाराने हर्षदाला हाताने अडवलं. "बेन, पीटीसीवाळा सामे जाय. आ कॉमर्स छे."

तिने नुसते ओठ हलवले. बाजूला तीन-चार मुली उभ्या होत्या. त्यातली एक हसली. दुसरीने माझ्या रेघेकडे बघून पहिलीला कोपराने ढोसलं. हर्षदा एक पाऊल मागे आली. मग आणखी एक. माझी कड तिने मुठीत इतकी घट्ट धरली की तिच्या तळव्याचा घाम मला लागला. मला कळलं, ही आता वळणार. योगेंद्रने सांगितलेली वाट पायाखाली आली होती. आता रिक्षा, मग घर, मग कुठलं तरी खातं. मी कापड आहे, मला ओरडता येत नाही. येत असतं तर सुकदेवसारखा ओरडलो असतो.

ती वळलीच. आणि रस्त्याच्या पलीकडे, पानाच्या टपरीआड सायकल धरून सुकदेव उभा होता. डोळे तांबारलेले, केसांत कापसासारखी धूळ. मधून ट्रक, टेम्पो, रिक्षा धावत होत्या. आवाज असा की हाक मारण्यात अर्थ नव्हता. त्याला गरजही नव्हती. त्याने सायकल कमरेला टेकवली, दोन तर्जन्या टोकाला टोक लावल्या, ताडकन दूर केल्या आणि भुवया उंचावल्या.

दोरा तुटला का?

हर्षदा बघत राहिली. तिची मूठ सैल झाली. मग सगळ्यांच्या देखत, रखवालदाराच्या, त्या हसणाऱ्या मुलीच्या, अख्ख्या कॉलेजच्या देखत तिने हात वर केला आणि पंजा धोट्यासारखा इकडून तिकडे फिरवला.

चालू आहे. काळजी नको.

"आ शुं करे छे?" कोपराने ढोसणारी मुलगी म्हणाली.

हर्षदा तिच्याकडे वळली. जी मुलगी कॉलेजात तोंडच उघडणार नव्हती, तिचे पहिले शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, म्हणजे मला कान असते तर. "मारा पप्पा साथे वात करुं छुं. ए लूम चलावे छे. आ कापड एमणे ज वण्युं छे."

मुलीने रेघेकडे बोट केलं. "अने आ?"

"ए मारुं रिझल्ट छे."

त्या मुलीने बोट मागे घेतलं. आधी हसलेली पुन्हा हसली. हसू दे. हर्षदा रखवालदाराला म्हणाली, "काका, मारुं पण कॉमर्स ज छे," आणि आत गेली. कोपराने ढोसणारी तिच्या मागोमाग आली आणि वर्गात तिच्या शेजारी बसली. माझ्या बाहीला तिची बाही दिवसभर लागत होती. तिची जांभळी होती. छान कापड होतं, पण रेघबिघ काही नव्हती.

संध्याकाळी सुकदेव पाळीला निघायच्या आधी पडवीत बसला होता.  मग एकाएकी गरजला. "मी देखं! बठ्ठ्या पोरी येगयेगळा रंगमा व्हत्यात! कोनले डरेस नही! तू माले सांगं का नही?"

गल्लीतली दारं उघडली. लोटू बाहेर आला, अनुसयाबाई बाहेर आल्या, योगेंद्र पायरीवरून उठला. सगळ्यांना वाटलं, भांडण झालं. हर्षदा अजून मलाच घालून होती. ती सुकदेवच्या समोर उकिडवी बसली. तिला पुष्कळ काही सांगता आलं असतं. तिने अंगठा आणि बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि एकमेकांवर हलकेच चोळलं.

जोडला.

सुकदेवने तिच्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या रेघेकडे. मग तो गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि सायकल काढून कामाला गेला. जाताना मागे न बघता त्याने एक हात वर केला आणि पंजा इकडून तिकडे फिरवला.

त्यानंतर तिने मला तीन वर्षं घातलं. रोज नाही, तिला पुढे आणखी कपडे मिळाले. पण परीक्षेला मीच लागायचो. दुसऱ्या वर्षी योगेंद्रने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला, आणि हर्षदाच त्याला शिकवायची. दर उन्हाळ्यात गल्लीतली एखादी तरी मुलगी पडवीत बसून गुजराती शब्दांवर चुकून रेघा मारायची आणि हर्षदा खोडरबर पुढे करायची. मी दोरीवर वाळत असायचो. अशा वेळी माझ्यासारख्या चिंधीलासुद्धा ऊर भरून येणं म्हणजे काय ते कळतं.

यंदा, नव्व्याण्णव साली, तिचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. ती घरी गेलीच नाही. कॉलेजातून थेट लिंबायतला आली, खात्याच्या दारात उभी राहिली. मी विटलेला, तिच्या अंगावर. सुकदेवला आता अजिबातच ऐकू येत नाही. तो वाकून बीम बघत होता. तिने हाक मारली नाही. दुसऱ्या ड्रेसची ओढणी घेतली होती, ती हलवली. त्याने वर पाहिलं.

तिने वेणी दाखवली नाही. गरज नव्हती. तिने दोन्ही हातांनी काहीतरी फार जड उचललं आणि खांद्यावर टाकलं. त्या माणसाचे हात लूमवरून खाली आले. तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या मागे एकेक कारीगर मान वर करून बघायला लागला.

लूम चालूच होते. त्यातल्या कुठल्या तरी लूमवर त्या वेळी नक्कीच एक दोरा तुटला असणार. ते कापड आता कुठे असेल, कुणास ठाऊक.

माझं काय होणार ते ठरलंय. कलाबाईने गोधडीसाठी चिंध्या काढल्यात, त्यात मी सगळ्यात वर आहे. हर्षदाने तिला एवढंच सांगितलंय, रेघ कापायची नाही, ती सुकदेवच्या बाजूला आली पाहिजे. मला आणखी काही नको. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. कधी दुकानात कापड उलगडून बघाल आणि त्यात अशी एखादी रेघ निघेल. दुकानदार ओशाळेल, दुसरं काढतो म्हणेल. तुम्ही पाहिजे तर दुसरं घ्या. पण त्या रेघेला 'अरेरे' म्हणू नका. ती जेवढी लांब असेल तेवढा वेळ एखादा कारीगर आपलं काम विसरून दाराशी उभा होता, आणि दारात कुणीतरी त्याला चांगली बातमी सांगत होतं.